लेगरमधलं लोणी

९ मार्च

नाही, तू गप्प बस. चवीतलं तुला काय कळतं? कागद तू. बीअर सांडली की फुगतोस, एवढाच तुझा अनुभव. ‘आंबट हा शब्द परवाच वापरून झालाय’ असं तोंड करून बघू नकोस माझ्याकडे. आंबट ती आंबटच — तिला काय आता लिंबू-वगैरेची साडी नेसवू?

सकाळपासून एका ग्लासाशी भांडतेय. गव्हाची बीअर, आणि तिच्यात मीठ आणि धने. ऐकायला भाजी वाटते. प्यायला घेतली तर आधी आंबट, मग जिभेच्या कडांना खारट, आणि गिळल्यावर धन्यांचा गारवा असा हळूच मागून येतो, उशिरा आलेल्या पाहुण्यासारखा. मला वाटलं मामाने वेडाच्या भरात काढली. तो म्हणाला, “अगं, ही जुनी पद्धत आहे, फार जुनी. माझं काही नाही त्यात.”

म्हणजे जुनं ते असं प्रयोगासारखं लागतं. आणि मी कॉलेजात प्रयोग म्हणून जे लिहिलं ते सगळं जुनं निघालं. कादंबरी अजून अडलेलीच आहे — तिच्यात एकही माणूस नाही, फक्त फर्निचर. दोन प्रकरणांत खुर्च्या संपल्या. तेव्हा मामा म्हणाला, इकडे ये, फळ्यावर लिहायला कुणीतरी हवंय. पुढे बार, मागे शेडमध्ये टाक्या, वर माझी खोली. काम एवढंच — प्रत्येक बीअरची चव चार शब्दांत सांगायची. चारच, मामाने घातलेली अट.

आईचं म्हणणं, “एवढं शिकलीस ते गुत्त्याच्या पाट्या रंगवायला?” मामा तिचा सख्खा भाऊ. त्याने फोन हातात घेऊन सांगितलं, “ताई, पाट्या नाही गं, फळा.”

फळ्यावर शेवटी लिहिलं: आंबट, खारट, उशिरा गार.

बघ, आंबटच लिहिलं.

११ मार्च

मामाचा नियम नीट लिहून ठेवते, कारण मला तो फार आवडलाय.

नवीन पिंप उघडलं की दोन ग्लास भरायचे. वास घ्यायचा, घोट घ्यायचा, आणि तोंडातून एक अक्षर काढायचं नाही. एकाने ‘मध’ म्हटलं की दुसऱ्याच्या जिभेवर मध येतोच — जीभ फार भिडस्त असते, असं मामा म्हणतो. म्हणून चिठ्ठीवर एखाददोन शब्द लिहायचे, ती उलटी ठेवायची, आणि दोघांनी एकदम उलटायच्या.

आज धुरावर वाळवलेल्या माल्टची बीअर होती. माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य. पहिल्या घोटाला वाटलं, कुणाचं तरी घर जळतंय. दुसऱ्याला वाटलं, जळून गेलं आणि आता माणसं शेकत बसलीयत.

मी लिहिलं ‘शेकोटी’. मामाने लिहिलं ‘शेकोटी’.

तो दोन्ही चिठ्ठ्या घेऊन मामीकडे गेला, शाळेत पहिला आल्यासारखा. “बघ. जीभ आमच्या घराण्याची. ताईला चुकवून हिच्याकडे आलीय.”

मामी ग्लास पुसत होती. म्हणाली, “बरं.”

१४ मार्च

गव्हाच्या साध्या बीअरमध्ये केळ्याचा वास येतो. केळं कुठेच घातलेलं नसतं! यीस्टच तो वास बनवतं. नसलेली गोष्ट हजर करतं. माझ्यापेक्षा बरं लिहितं.

१९ मार्च

आज लेगर.

मला खरं सांगायचं तर लेगर कंटाळवाणी वाटते. पिवळी, स्वच्छ, सज्जन. लग्नासाठी बघायला आलेल्या मुलासारखी — दोष काढता येत नाही म्हणून राग येतो. मला आवडतात त्या काळ्या, करपलेल्या पावाच्या कडेसारख्या. किंवा हॉप्सच्या फुलांनी कडवट झालेल्या, ज्यांच्यात संत्र्याची साल नखाने सोलल्यासारखा वास येतो. किंवा त्या एका बाटलीतली, उघड्या खिडकीतून येईल त्या यीस्टवर सोडून दिलेली — तिला घोड्याच्या पाठीवरच्या घोंगडीचा वास होता आणि मी तीन दिवस तिच्याबद्दल बोलत होते.

पण मामाचा जीव लेगरमध्ये. “बाकीच्यांत चूक झाली तर मसाला म्हणून खपते. हिच्यात लपायला जागा नाही.” पंपांच्या कंपनीतली चांगली नोकरी त्याने हिच्यासाठी सोडली. आणि आता टेकडीवरच्या हॉटेलची मालकीणबाई चव बघायला येणार आहे. तिने ही बारमाही घेतली तर टाक्या चालू राहतील. नाही घेतली तर मामा परत पंपांकडे. हे त्याने मला हसत हसत सांगितलं. मामीने न हसता.

चिठ्ठ्या: मी ‘कोवळं धान्य’, त्याने ‘कोवळं’. तो इतका खूश की मला लाज वाटली.

मामीला मी ग्लास पुढे केला. ती म्हणाली, “मी नाही पीत ती.” बाकी सगळ्या पिते. आंबटवाली तर ओठ चाटून.

२४ मार्च

माझा प्रयोग! बेकरीतला उरलेला, वाळलेला पाव मामाने माल्टच्या जोडीला उकळू दिला. (एकच लहान टाकी. “हौस भागव.”) आज पहिलं पिंप उघडलं. मला भाजलेली कड लागली आणि शेवटी जरासं आंबूस. फळ्यावर: कालचा पाव, आजचा फेस. संध्याकाळी निम्मं पिंप गेलं.

पण एक गोष्ट बघितली. टेबलावरून ग्लास उचलत होते. पावाच्या बीअरचे ग्लास तळापर्यंत रिकामे. आंबटचे रिकामे. काळीचे रिकामे. लेगरचे — अर्धे. एक नाही, बरेच.

एक गिऱ्हाईक रोज टाय लावून येतं. आम्ही त्याला टायवालाच म्हणतो. रोज आधी लेगर मागवतो, अर्धी ठेवतो, मग दुसरी काहीतरी. आज विचारलंच, “आवडत नाही तर मागवता कशाला?”

टाय सैल करत म्हणाला, “मामांना बरं वाटतं म्हणून.”

“पण वाईट काय आहे?”

“वाईट नाही हो. जरा... पॉपकॉर्नसारखी लागते.”

पॉपकॉर्न! किती नेमका शब्द. मला कसा सुचला नाही? लेगरपुढे लगेच लिहून टाकलं: पिवळी, स्वच्छ, पॉपकॉर्नची आठवण.

२५ मार्च

मामाने फळा पुसला. ओल्या फडक्याने, मग कोरड्याने, मग तळव्याने.

“उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. पॉपकॉर्न म्हणजे काय माहितीय का तुला?”

“कौतुक केलं मी.”

“लोणी. लेगरला लोण्याचा वास म्हणजे दोष. लोक बघून हसतात.”

मग राग ओसरला आणि त्याने समजावलं — त्याला समजावायला आवडतं. यीस्ट काम करता करता लोण्यासारख्या वासाचं काहीतरी बनवतं आणि नंतर स्वतःच ते खाऊन टाकतं. पण त्याला जरा ऊब आणि सवड लागते. टाकी घाईने थंड केली की यीस्ट झोपतं, आणि लोणी तसंच राहतं.

“मग कधी थंड करायची हे कसं कळतं?”

त्याने नाकावर बोट ठेवलं. “लोणी गेलं की कळतं. काही जण नमुना गरम पाण्यात ठेवून बघतात, लपलेलं असलं तर वर येतं. मला कधी गरज पडली नाही. माझ्या टाकीत येतच नाही.”

“मलाही कधी नाही आलं.”

“मग? तो टायवाला घरी लोणी खाऊन येत असेल.”

आम्ही दोघं हसलो. मामी नाही.

२८ मार्च

काय झालं ते क्रमाने लिहिते. मध्ये बोलू नकोस.

दुपारी मामा बाहेर गेला होता. मला ते गरम पाण्याचं डोक्यातून जाईना. त्याच्यावर संशय म्हणून नाही, खरंच. लपलेला वास वर येतो म्हणजे कसा येतो, ते बघायचं होतं. बरणीत लेगर घेतली, झाकण लावलं, मागच्या स्वयंपाकघरात गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवली. मग गार केली. झाकण उघडलं, नाक खुपसलं.

काही नाही. कोवळं धान्य, जरा कोमट झालेलं. मनात म्हटलं, बघा टायवाले.

तेवढ्यात मामी आत आली. “लोणी कशाला वितळवतेस? पाव कुठाय?”

मी म्हटलं, कुठलं लोणी.

तिच्या मागून भांडी घासणाऱ्या मावशी आल्या. “काय भाजतायत आज? खमंग सुटलंय.”

मी बरणी मावशींपुढे धरली. त्यांनी मान मागे घेतली. “अगो बाई. यात लोणी पडलंय का कुणाचं?”

परत नाक खुपसलं मी. इतकं, की नाकाला बीअर लागली. काही नाही. खोलीत सगळ्यांना गाणं ऐकू येतंय आणि मी त्यांचे हलणारे पाय बघतेय, असं.

मग मामा आला. स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला, किल्ल्या खुंटीला लावल्या, म्हणाला, “आज काय, सगळ्या इथे?”

त्याचं नाक साधं हललंसुद्धा नाही.

मी बरणीचं झाकण लावलं. मामीने माझ्याकडे बघितलं. ती आधीपासून काहीतरी जाणून होती, आणि मला ते आत्ता कळत होतं, हे तिला कळलं.

२९ मार्च

आईला फोन.

“आई, लोण्याला वास कसा येतो गं?”

“लोण्याला कुठे वास असतो?”

“अजिबात नाही?”

“काहीतरीच. लोणी पांढरं असतं, मऊ असतं. जेवलीस का?”

३१ मार्च

घराण्याची जीभ.

२ एप्रिल

मामी गच्चीवर फडकी वाळत घालत होती. मी चिमटे धरून उभी.

“मामी, तुला पहिल्यापासून येतो तो वास?”

“पहिल्या टाकीपासून.”

“मग सांगितलं नाहीस?”

“सांगितलं की. पहिल्याच दिवशी. म्हटलं, अहो, लोण्यासारखं लागतंय.” तिने फडकं झटकलं. “म्हणाले, तुझं नाक स्वयंपाकघरातलं, तुला सगळीकडे लोणीच येणार. चार लोक होते. हसले. मी पण हसले.”

“आणि नंतर?”

“नंतर काय. नोकरी सोडून बसलेला माणूस. रोज सकाळी उठून त्या टाकीला हात लावून यायचा, जशी काय गाभण गाय आहे. त्याला रोज उठून सांगू, वास येतोय वास येतोय? एकदा सांगितलं. मग पिणं सोडलं.”

मी म्हटलं, माझ्या चिठ्ठ्या जुळल्या तेव्हा तरी.

“तेव्हा तर बोलायची सोयच राहिली नाही गं. आधी ते एकटे होते. तू आलीस आणि त्यांना साक्षीदार मिळाला.”

चिमटे संपले होते तरी मी हात पुढे करून उभी होते.

५ एप्रिल

आज सांगितलं. शेडमध्ये, दोघंच असताना. मला वाटलं होतं ओरडेल. त्याने नीट ऐकून घेतलं, गरम पाण्याचं, मावशींचं, आईच्या फोनचं. आईचं ऐकून जरा हसला.

मग म्हणाला, “आण बरणी.”

वास घेतला. डोळे मिटून, मोठा. “हो. येतोय की. हलकासा आहे. मागे, अगदी मागे.”

इतकं बरं वाटलं मला! म्हणजे फक्त मीच. म्हणजे मामा ठीक आहे, सवयीने दुर्लक्ष होत असेल.

तेवढ्यात मामी तीन ग्लास घेऊन आली. ही त्याचीच पद्धत — दोन सारखे, एक वेगळा, वेगळा कुठला ते ओळखायचं. तिने ट्रे ठेवला. “बघा बरं, लोणी कशात आहे.”

त्याने पहिला हुंगला, दुसरा, तिसरा. परत दुसरा. “हा. मधला. स्वच्छ कळतंय.”

“नक्की?”

“अगं, नाकात घुसतंय.”

मामी ट्रेची कड पुसत होती. हळू म्हणाली, “अहो, तिन्ही पाणी घातलेली पावाची बीअर आहे. लोणी एकातही नाही.”

त्याने मधला ग्लास उचलला आणि सगळा प्यायला, शेवटच्या थेंबापर्यंत, जणू तहान लागली होती.

६ एप्रिल

मामा शेडमधून बाहेर आला नाही. फळ्यावर लेगरची ओळ रिकामी. काय लिहू? मला जे लागतं ते खरंय, आणि ते चूक आहे. असा शब्द आहे का? तू सांग. नाही ना? मग.

९ एप्रिल

हॉटेलच्या मालकीणबाई आल्या. उंच, आखूड केसांच्या, बोलायला एकदम सरळ. पर्स टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, “दाखवा तुमची ती प्रसिद्ध.”

मामाने इस्त्रीचा शर्ट घातला होता. पुढच्या टाकीतून ग्लास भरला, उजेडाकडे धरला. रंग सुरेख. फेस सुरेख. तो ग्लास पुढे करणार तोच मामी काउंटरमागून म्हणाली, “ही नका देऊ.”

बाई थांबल्या. मामा थांबला.

“मागची टाकी अजून थंड केलेली नाही. तिला सवड द्या. ही नको.”

मामाचा चेहरा तांबडा झाला. मामीकडे न बघता तो माझ्याकडे वळला. “तू सांग. कशी आहे?”

‘सुंदर’ म्हणणं इतकं सोपं होतं. आणि मला ती सुंदरच लागते, हीच तर गंमत.

“मला लोण्याचा वास कळतच नाही,” मी म्हटलं. “त्यामुळे माझं धरू नका.”

मग मामाने ग्लास स्वतःपाशी ओढला आणि त्याच्यातल्या बुडबुड्यांना सांगावं तसं म्हणाला, “मलाही नाही कळत.”

बाईंनी आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघितलं. “मग इथे कळतं कुणाला?”

“मला,” मामी म्हणाली.

बाईंनी तो ग्लास घेतला, हुंगला, आणि त्यांचं नाक आक्रसलं. “बरोबर आहे तुमचं,” त्या मामीला म्हणाल्या. मागची टाकी तयार झाली की बोलवा, पण तुम्ही तयार म्हणाल तेव्हाच, असं सांगून गेल्या. ‘तुम्ही’ म्हणजे कोण, ते सगळ्यांना कळलं.

मी खूश आहे. फार. मामा जेवला नाही.

१३ एप्रिल

मामी रोज सकाळी मागच्या टाकीचा नमुना गरम पाण्यात ठेवते, हुंगते आणि म्हणते, “अजून नाही.” एवढंच. चार शब्दही नाहीत. मला तिचा हेवा वाटतो.

आज मी तिला घोड्याच्या घोंगडीवाल्या बाटलीतला शेवटचा घोट दिला. ती म्हणाली, “घोंगडी कसली, हा पाऊस पडून गेल्यावरचा जुना पत्रा.” इतकी वर्षं हे शब्द कुठे ठेवले होते हिने?

१६ एप्रिल

मामाने दुपारी मला मागे बोलावलं. दोन ग्लास भरलेले, दोन चिठ्ठ्या कापलेल्या.

“मामीने सकाळी बघितलं ना?” मी विचारलं.

“बघितलं. अजून नाही म्हणाली.”

“मग?”

“तिचं ऐकलंय मी. पण तू बघ ना एकदा. आपली पद्धत आहे.”

आणि मग, चिठ्ठीवर पेन्सिल ठेवून, माझ्याकडे न बघता: “हे पुढे सगळं तुझंच आहे. टाक्या, फळा, सगळं. तुझ्यामाझ्यासारखं कुणाचं जमत नाही.”

मला हेच हवं होतं. तुला माहितीय. आल्या दिवसापासून, कुणीतरी ‘तुझं’ म्हणावं असं एक काहीतरी.

मी घोट घेतला. खोटं लिहिणं मला जमलं नाही. जे लागलं ते लिहिलं. चिठ्ठ्या उलटल्या.

तयार. तयार.

त्याचा चेहरा उजळला, कितीतरी दिवसांनी. मी काही बोलायच्या आत तो उठला आणि टाकीचं थंड करायचं बटण त्याने दाबून टाकलं.

संध्याकाळी मामी शेडमधून आली. “कुणी लावलं?” तिने जाऊन बंद केलं. मग काउंटरवर येऊन ग्लास पुसायला लागली, स्वच्छ असलेलेच. म्हणाली, “बरं.”

१७ एप्रिल

त्याला समजावलं. “मामीचं नाक घे, माझं सोड.” तो म्हणाला, “हो गं, कळतंय मला.” खरंच कळतंय त्याला. आणि तासाभराने ग्लास घेऊन माझ्याच दाराशी.

१८ एप्रिल

सकाळ. खालून मामा हाक मारतोय. नमुना काढलाय म्हणे, लवकर ये. दुसऱ्यांदा मारली. मी ओ दिली नाही. मी असेपर्यंत तो माझ्याकडेच वळणार. मी नसले की दुसरीला हाक मारावी लागेल. पिशवी भरून झालीय, मागचा जिना मोकळा आहे. तिसरी हाक. आता थांबलाय तो. आता — हो, मामीला मारतोय.

तू काही म्हणू नकोस. निघाले.